किरकोळ दुरुस्त्या

पिंप्राळा, जळगाव
३ ऑगस्ट २०२५

प्रिय वृषाली,

हाताने पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. अक्षर लागलं नाही तर समजून घे. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर तुझा फोटो दिसेनासा झालाय, म्हणजे मला ब्लॉक केलंयस एवढं कळतं. मेल मुद्दामच केला नाही. आपल्या ज्या 'सांगावा' मेल-प्रोग्रॅममुळे एवढं सगळं झालं, त्याच्यातूनच तुला मेल पाठवणं बरं दिसलं नसतं.

तुमच्या धुळ्याच्या रक्त-तपासणी केंद्रात जे झालं ते ऐकून खूप वाईट वाटलं. पिंपळनेरच्या कामिनी नावाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, सुपारी फुटायच्या दिवशी मुलाकडच्यांनी तिचा सिकलसेलचा रिपोर्ट भर माणसांत ठेवला आणि ते उठून गेले, हे मला जीवरामनानांच्या पत्रातून समजलं. रिपोर्ट केंद्राच्या मेलमधूनच बाहेर गेला, हेही त्यात होतं. नाना केंद्राचे अध्यक्ष, त्यांना चौकशी करावीच लागणार. पण त्यासाठी तुला घरी बसवावं हे काही मला पटलेलं नाही. तीस तारखेला समितीपुढे तुझी सुनावणी आहे आणि नोकरी राहणार की जाणार ते त्या दिवशी ठरणार, असं कळलं.

नानांनी मला एकच प्रश्न विचारला होता. सर्व्हरवर एन्क्रिप्शन नसेल तर 'सांगावा' तशी सूचना देतो का? मी 'देतो' असं कळवलं आणि लॉगिनच्या पानाचा फोटो जोडला. त्यात पिवळी पट्टी स्पष्ट दिसते. तू मात्र समितीला पट्टी नव्हती असं सांगितलंस म्हणे. तुझी काहीतरी गल्लत होत असेल. रोज बघून बघून माणसाला समोरची गोष्ट दिसेनाशी होते, माझंही होतं तसं.

शेवटी हा निर्णय आपण दोघींनी मिळून घेतला होता ना? एन्क्रिप्शनचं एक्स्टेन्शन सर्व्हरवर असलं तर वापरायचं, नसलं तर त्याच्याशिवाय प्रोग्रॅम चालू द्यायचा, आणि वर पट्टी दाखवायची. तेव्हा कुणा एकीचा दोष काढण्यात अर्थ नाही. मनाला लावून घेऊ नकोस. तब्येतीला जप. मावशींना नमस्कार.

तुझी,
रूपल


पिंप्राळा
११ ऑगस्ट

वृषाली,

स्पीडपोस्टची पोच आली. सही तुझ्या आईची, कलाबाई मावशींची आहे, म्हणजे पत्र घरात पोचलं. उत्तर नाही. मी तरी कशाला दिलं असतं?

मागच्या पत्राची प्रत मी ठेवली नव्हती, पण त्यातलं वाक्यन्‌वाक्य पाठ आहे. 'तुझी काहीतरी गल्लत होत असेल.' आज नीट लिहिते. निदान प्रयत्न करते.

निर्णय आपण दोघींनी घेतला, हे खरं नाही. निर्णय माझा होता, तू नाइलाजाने मान डोलावलीस. आमच्या डाळीच्या दुकानावरच्या खोलीत, तीन वर्षांपूर्वी, दुपारी. खाली पप्पा गिऱ्हाइकांशी बोलत होते आणि वर आपण एकमेकींचा आवाज चढू नये म्हणून दात-ओठ खात भांडत होतो. माणूस मेल उघडतो तेव्हा त्याचा पासवर्ड तेवढ्या वेळापुरता सर्व्हरवरच्या एका तात्पुरत्या फाइलीत ठेवावा लागतो. एक्स्टेन्शन असेल तर तो कुलपात राहतो, नसेल तर जसाच्या तसा उघडा. तू म्हणालीस, नसेल तर प्रोग्रॅम चालूच होता कामा नये. मी तुला संस्थांची यादी वाचून दाखवली. जामनेरचं वाचनालय, मार्केटमधले आडते, दोन पतसंस्था, अर्ध्याहून जास्त जण जुन्यापुराण्या सर्व्हरवर. सक्ती केली तर हे सगळे उद्या आपल्याला सोडून जातील आणि चिठ्ठ्या-चपाट्यांवर येतील, त्यांच्या तोंडावर दार आपटायचं का, असं मी म्हटलं. ते म्हणणं मला आजही अगदीच टाकाऊ वाटत नाही.

तू तेव्हा जे बोललीस ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. तू म्हणालीस, "ज्याला कळत नाही त्याला निवड देणं म्हणजे सोय नव्हे, रूपल. जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकून आपण मोकळं व्हायचं, एवढंच."

मी हसले. मग तू अट घातलीस की ठीक आहे, सक्ती नको, पण पट्टी हवी. पिवळी, ठळक, लॉगिनच्या वरच, आणि ती बंद करायची सोय कुणालाही द्यायची नाही. मी कबूल केलं. पुढच्या महिन्यात केंद्राची नोकरी मिळाली म्हणून तू धुळ्याला परत गेलीस.

पट्टी मी काढली, वृषाली. तू गेल्यावर वर्षभरही टिकली नाही ती. जामनेरच्या एका आडत्याने आठवड्यात चार वेळा फोन केला. "ताई, ते पिवळं काय येतंय? माणसं विचारता, मी काय सांगू?" एकाने तर आपल्या माणसाकरवी पट्टीवर कागद चिकटवला, म्हणजे खरोखर स्क्रीनवर कागद. रोज आठ-दहा फोन. प्रत्येकाला तेच समजावायचं, आणि सर्व्हर नवा करा म्हटलं की पलीकडून 'दिवाळीनंतर बघू'. मला वैताग आला. सोळा मार्चला मी ती ओळ काढून टाकली आणि नव्या आवृत्तीच्या माहितीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्त्या'.

फोन बंद झाले. मला इतकं हलकं वाटलं होतं की त्या दिवशी मी घरी आमरस केला.

तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

रूपल


पिंप्राळा
१९ ऑगस्ट

वृषाली,

मागचं पत्र टाकून आले आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते. कबुली दिली, मोठं मन दाखवलं वगैरे. मग लक्षात आलं की मी अर्धंच सांगितलंय, आणि जे सांगितलं ते अर्धं सोपं होतं.

केंद्राचं मेल तू माझ्या सर्व्हरवर आणलंस ते गेल्या वर्षी. आणण्याआधी तू लॉगिनचं पान उघडून पाहिलंस. पट्टी दिसली नाही. आपल्यात ठरलं होतं की एन्क्रिप्शन नसेल तिथे पट्टी दिसणारच. म्हणजे पट्टी नाही त्याअर्थी रूपलने एक्स्टेन्शन बसवलंय, असं तू धरून चाललीस. तू नीट तपासलंस. खोटी होती ती खूण, आणि ती मी खोटी केली होती. तुला फोनवर हसत हसत म्हणालेही होते, ये बिनधास्त.

एक्स्टेन्शन माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर नव्हतं. ते बसवायचं तर मशीनवरचं सगळंच नवं करावं लागणार, चार दिवस बावीस संस्थांच्या साइट बंद राहणार. लोकांना 'दिवाळीनंतर बघू' म्हणतात म्हणून नावं ठेवणारी मी, माझ्या दोन दिवाळ्या तशाच गेल्या.

त्याच मशीनवर वनाभाऊंची साइट होती. साक्री-पिंपळनेर भागातली स्थळं जमवणारे वनाभाऊ, वधू-वर सूचकवाले. रक्त तपासणारं केंद्र आणि लग्नं जुळवणारा माणूस, दोघांच्या तात्पुरत्या फाइली एकाच फोल्डरात. हे मी केलं. कुठलीही शहाणी बाई या दोघांना एका मशीनवर ठेवणार नाही, पण मी माणसं पाहिलीच नाहीत, फक्त रिकामी जागा पाहिली. वनाभाऊ आपल्या साइटची नक्कल काढायला गेले, तो फोल्डर सापडला, त्यात केंद्राचा पासवर्ड लख्ख उघडा. त्यांनी मला स्वतः फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्यांना काही गैर वाटत नव्हतं. "मुलीकडचे लपवता, ताई. आम्ही शहानिशा करून घेतो. उद्या मुलंबाळं आजारी निघाली तर शिव्या मलाच." कामिनी फक्त वाहक आहे, तिला स्वतःला काही आजार नाही, मुलाची तपासणी करून घेतली असती तर सगळा उलगडा झाला असता, हे मी त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, एवढं बारीक कोण बघतंय?

आता उरलेलं सांगते. नानांचं पत्र सहा जूनला सकाळी आलं. सूचना देतो का, हो की नाही. मी प्रोग्रॅम उघडला आणि काढलेली ओळ परत घातली. पान पुन्हा उघडलं, पट्टी आली. तिचा फोटो काढला. मग नानांना लिहिलं, 'प्रोग्रॅम ठळक सूचना देतो. ती पाहूनही वापर चालू ठेवल्यास जबाबदारी संस्थेच्या संबंधित कर्मचाऱ्याची.' त्यातला एक शब्दही त्या क्षणी खोटा नव्हता. एवढ्यासाठीच ओळ आधी घातली. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. मग खाली जाऊन पप्पांबरोबर नाश्ता केला.

संबंधित कर्मचारी म्हणजे तू, हे लिहिताना मला माहीत होतं. तुझं नाव घालायचा धीर झाला नाही म्हणून हुद्दा घातला.

तुला कुणी खोटारडी म्हणालं असेल तर ते त्या फोटोमुळे. मी आरशात बघून केस विंचरते, वृषाली, आणि नजर चुकवते. हे वाचून तुला नाटकी वाटेल. मलाही वाटतंय, पण खरं आहे.

रूपल


पिंप्राळा
२७ ऑगस्ट, संवत्सरी

वृषाली,

आज आमचा क्षमेचा दिवस. तुला माहीत आहेच, दर वर्षी तू माझी टिंगल करायचीस, की वर्षभर भांडायचं आणि एक दिवस 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून पाटी कोरी. दर वर्षी मी सगळ्या संस्थांना, नातेवाइकांना, ओळखीच्यांना एकदम एकच मेल पाठवते. 'कळत-नकळत मन दुखावलं असल्यास.' गेल्या वर्षी त्या यादीत तुझं नाव होतं, वनाभाऊंचंही होतं. तेव्हा पट्टी काढून दीड वर्ष होत आलं होतं, आणि ते नकळत नव्हतं.

आज सकाळी तो मेल तयार करून ठेवला होता. पप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण वाचता येतं. विचारलं, किती जणांना जातं हे? मी म्हटलं, चारशे सदतीस. ते म्हणाले, एवढ्या लोकांचं तू काय वाईट केलंयस?

मी हसून वेळ मारून नेणार होते, पण मेलची खिडकी बंद केली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टी, फोटो, तू. पप्पांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. दर संवत्सरीला ते गावात दोन-तीन घरी पायी जातात, ते माझ्या लहानपणापासून बघतेय. कुणाकडे आणि कशासाठी ते कधी सांगत नाहीत. आज म्हणाले, "चारशे माणसांकडे मागितलेली माफी कुणाकडेच मागितलेली नसते, बेटा. ज्याचं केलं त्याच्या दारात जायचं. तो दार उघडेल असं नाही."

मेल पाठवला नाही. सर्व्हरवरून वनाभाऊंची साइट मी जूनमध्येच काढली होती, ते काम आपला गुन्हा झाकणाऱ्या माणसाच्या चपळाईनेच केलं होतं. आता या आठवड्यात पूर्ण मशीन नवं केलं. 'सांगावा'ची नवी आवृत्ती तयार आहे. एक्स्टेन्शन नसेल तर ती चालूच होत नाही. पट्टीबिट्टी काही नाही. 'सांगावा' वापरणाऱ्या एकूण एकसष्ट संस्थांपैकी जुन्या सर्व्हरवरच्या अडतीस बंद पडतील. एक तारखेला सोडणार आहे. जिला ती कधीपासूनच हवी होती, तिला आता सांगून काय उपयोग, पण सांगते.

प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, तारखेसह आणि करणाऱ्याच्या नावासह. तू गेल्यावर तुझा प्रवेश मी काढून घेतला होता, नाहीतर पहिल्या दिवशीच तू हे नानांपुढे ठेवलं असतंस. ती सगळी नोंद मी छापून घेतली आहे. परवा धुळ्याला येते.

रूपल


धुळे
२९ ऑगस्ट, संध्याकाळ

वृषाली,

हे एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये लिहितेय. तुझ्या घरून आत्ताच आले. तू घरात होतीस, आतल्या खोलीत पंखा चालू होता, मावशी दोनदा आत जाऊन आल्या. तू बाहेर आली नाहीस. बरोबर केलंस.

मावशींनी मला बसायला सांगितलं. मला वाटलं होतं दारातूनच परत पाठवतील. त्यांनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "तुनाकरता बिगर कांदानी भाजी करेल शे." कॉलेजात असताना तुझ्याकडे यायचे तेव्हापासून मी कांदा खात नाही हे त्यांच्या लक्षात आहे. मी खाली मान घालून जेवले. एवढं लाजून मी आजवर कुणाच्या घरी जेवले नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी कपाटावरून माझी चारही पत्रं काढून माझ्यापुढे ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. म्हणाल्या, "तिनी एकबी उघाडं नही. पत्रं परत लई जा."

आता जे लिहिते ते तुला वाचायला मिळेल की नाही माहीत नाही, तरी लिहिते. ती बंद पाकिटं बघून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटका वाटली. पप्पांशिवाय कुणालाच काही कळलेलं नाही. पत्रं उचलायची, पर्समध्ये टाकायची, जळगावची गाडी पकडायची. समिती तुला काढेल, तुला दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल, माझं नाव स्वच्छ. माझा हात पाकिटांपर्यंत गेला होता, मावशींनी पाहिला.

त्या म्हणाल्या, "माले कम्प्युटरनं काही समजस नही. पन मनी पोर खोटं बोलस नही, इतलं माले ठाऊक शे. तुले बी ठाऊक शे."

मी हो म्हटलं. हात मागे घेतला. पत्रं तिथेच आहेत. निघताना आतून तुझा आवाज आला, तो मावशींसाठी होता की माझ्यासाठी ते कळलं नाही. "दुसऱ्यांची पत्रं कुणी वाचू नयेत म्हणून भांडले मी. माझी मी केव्हा उघडायची ते मी ठरवीन."

उद्या अकरा वाजता. मी पळून जाईन अशी मला स्वतःचीच भीती वाटते, म्हणून लॉजच्या मॅनेजरला पप्पांचा नंबर देऊन ठेवलाय आणि पप्पांना सांगितलंय की दहाला इथे फोन करा. अडतीस वर्षांची बाई मी.

रूपल


जळगाव
३१ ऑगस्ट

वृषाली,

कालच्या खोलीत तू होतीस, पण पूर्ण वेळ खिडकीकडे बघत होतीस, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

नानांनी माझं जूनमधलं उत्तर मोठ्याने वाचलं. फोटो टेबलावर फिरवला. मला विचारलं, हा फोटो तुमचाच ना? मी छापलेली नोंद त्यांच्यापुढे ठेवली. सोळा मार्च २०२३, ओळ काढली, रूपल. सहा जून २०२५, ओळ परत घातली, रूपल. आणि त्याच दिवशी अर्ध्या तासाने तुम्हाला पाठवलेलं पत्र. हे सगळं मी पाठ करून आले होते, तरी ते मी टेबलाकडे बघत पुटपुटले. नाना म्हणाले, जरा मोठ्याने बोला, बाई. म्हणून मला ते दोनदा म्हणावं लागलं. पट्टी मी काढली होती. यांनी पाहिलं तेव्हा ती नव्हती. या खरं बोलत होत्या. मी खोटं लिहिलं.

मला वाटलं होतं की बोलून झालं की संपेल. पण ते चष्मेवाले सदस्य म्हणाले, तुम्ही दोघी जुन्या मैत्रिणी. नोकरी वाचवायला आता तुम्ही दोष अंगावर घेताय असं आम्ही का समजू नये? हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खोटं बोलले तेव्हा सगळ्यांना पटलं, आणि खरं बोलतेय तर कागद असूनही पटेना. मी तुझ्याकडे बघितलं. तू पहिल्यांदा तोंड वळवलंस, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे, आणि शांतपणे म्हणालीस, "आम्ही मैत्रिणी नाही, साहेब."

त्यांना लगेच पटलं. तुझ्या तोंडाकडे पाहून कुणालाही पटलं असतं. पाच मिनिटांत नानांनी निकाल लिहायला घेतला, सोमवारपासून कामावर या म्हणाले, तुझा तीन महिन्यांचा कमीपणा त्यांनी दोन ओळींत भरून काढला. मी खाली बघत बसले होते. तुझं नाव स्वच्छ झालं, आणि ते ज्या वाक्याने झालं ते मला आयुष्यभर पुरेल.

नंतर जिन्यात तू थांबलीस म्हणून मीही थांबले. मी माफीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तू हात वर केलास. मला पुन्हा सांगू दे, म्हणजे तुझं सांगणं मी नीट ऐकलं हे तुला कळेल. त्या मेलमध्ये दोनशे चौदा जणांचे रिपोर्ट होते. वनाभाऊंनी किती वाचले ते कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांना कळवायचं. मेलने नाही. छापील नाही. हाताने, प्रत्येकाला वेगळं. पाकीट केंद्राचं, नाव-पत्ता तू घालणार, म्हणजे बाकीच्यांची नावं मला कळणार नाहीत. काय झालं आणि कुणी केलं एवढंच लिहायचं. मी विचारलं, माफी? तू म्हणालीस, "मागू नकोस. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. त्यांच्यावर आणखी काम टाकू नकोस."

पहिलं कामिनीला लिहायचं, त्या मुलीचं नाव तर मला माहीतच आहे. ते तू वाचून बघशील का, असं मी विचारलं. ते तिचं पत्र आहे म्हणालीस आणि गेलीस.

उद्या नवी आवृत्ती जातेय. जामनेरच्या वाचनालयाला आजच फोन करून सांगितलं की तुमचं मेल बंद पडेल, सर्व्हर बदलून द्यायला मी स्वतः येते. तिथले ग्रंथपाल म्हणाले, इतकी वर्षं चालत होतं की. मी म्हटलं, चालायला नको होतं.

रूपल


पिंप्राळा, जळगाव
२ सप्टेंबर २०२५

कामिनीताई,

तुम्ही मला ओळखत नाही. धुळ्याचं रक्त-तपासणी केंद्र ज्या प्रोग्रॅमवर मेल वापरतं, तो मी लिहिला आहे आणि ज्या सर्व्हरवर ते मेल होतं तो मी चालवते.

तुमचा रिपोर्ट वनाभाऊंच्या हाती कसा गेला ते सांगते. मेलचा पासवर्ड कुलूपबंद ठेवायची सोय असते. ती माझ्या सर्व्हरवर नव्हती. ती सक्तीची करावी असं तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या आणि आता केंद्रात असलेल्या वृषाली यांचं म्हणणं होतं, मी ते मानलं नाही. सोय नसेल तिथे वापरणाऱ्याला धोका दिसावा म्हणून एक सूचना होती. लोकांचे फोन येतात म्हणून ती मी काढून टाकली. त्यामुळे केंद्राचा पासवर्ड उघडा राहिला. वनाभाऊंची साइट त्याच मशीनवर मीच ठेवली होती. त्यांनी पासवर्ड घेतला आणि तुमचा रिपोर्ट वाचला. नंतर चौकशीत मी खोटं लिहिलं आणि दोष वृषाली यांच्यावर गेला. त्यांची काही चूक नव्हती. केंद्रात तुमच्याशी त्या जे बोलल्या असतील ते खरं धरा.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी समितीलाही सांगितली नाही आणि वृषालींनाही नाही. जूनमध्ये केंद्राच्या अध्यक्षांचं पत्र आल्यावर नक्की काय बाहेर गेलं ते बघते असं स्वतःला सांगून मी केंद्राचं मेल उघडलं. तुमचा रिपोर्ट मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्याची काही गरज नव्हती. मला तुमचं वय माहीत आहे, तुमच्या आईचं नाव माहीत आहे, तुम्ही तपासणीला कुठल्या दिवशी आलात ते माहीत आहे. वनाभाऊंनी जे केलं तेच मी केलं, फक्त मी कुणाला दाखवलं नाही.

या पत्राचं उत्तर देऊ नका. तुम्हाला पोलिसांत किंवा आणखी कुठे तक्रार करायची असेल तर त्यात दोन नावं लागतील. वनाभाऊंचं तुम्हाला माहीत आहे. दुसरं खाली पूर्ण लिहिते.

रूपल भंवरलाल सांखला
वय ३८
डाळीच्या दुकानावर, पिंप्राळा, जळगाव